वरातीतली नागीण ते झाडीपट्टीतला ऑक्टोपॅड : सिंथेसायझर आणि तालयंत्रांचा आपल्याकडचा इतिहास

१/२१
लग्नाची वरात कोणत्याही गावातली घ्या. बँडवाल्याने ‘नागीण’ धरली की कोणीतरी तोंडात रुमाल धरून जमिनीवर लोळणारच. गोंदिया जिल्ह्यातील चोरखमाऱ्यापासून मुंबईच्या गिरगावापर्यंत ही धून गारुड्याच्या पुंगीची म्हणूनच ओळखली जाते. प्रत्यक्षात मूळ ध्वनिमुद्रणात पुंगी नव्हतीच. तो आवाज विजेवर चालणाऱ्या एका फ्रेंच यंत्रातून निघाला होता. आजची सूत्रमालिका त्या यंत्राच्या वंशावळीची आहे : सिंथेसायझर, ड्रम मशीन, आणि त्यांनी आपल्या संगीताचे व संगीतकारांचे काय केले याची.

२/२१
चित्रपट ‘नागिन’, साल १९५४, संगीतकार हेमंतकुमार. पुंगीचा भास निर्माण करणारे वाद्य होते क्लॅव्हिओलिन. फ्रान्समध्ये कॉन्स्टन्ट मार्टिन यांनी १९४७ च्या सुमारास ते बनवले. छोटी पट्टी, आत व्हॉल्व्ह, एका वेळी एकच स्वर. मुंबईत ते वाजवले कल्याणजी वीरजी शहा यांनी आणि जोडीला हार्मोनियम होती रवी यांची. हे दोघेही पुढे नामवंत संगीतकार झाले. आपल्या लोकजीवनात इतका खोल रुजलेला ‘देशी’ नाद मुळात इलेक्ट्रॉनिक होता, ही गोष्ट पुढचा इतिहास वाचताना ध्यानात ठेवावी.

३/२१
सिंथेसायझर म्हणजे काय? तारेवर बोट नाही, नळीत फुंकर नाही, चामड्यावर थाप नाही. विद्युतमंडलात कंपने निर्माण करायची (ऑसिलेटर), त्यांतील नको ते अंश गाळून टाकायचे (फिल्टर), आणि आवाज किती झपाट्याने उठावा, किती वेळ टिकावा व कसा विरावा हे ठरवायचे (एन्व्हलप). अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये ही सारी अंगे विजेच्या दाबाने नियंत्रित केली. एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर जाई. सुरुवातीची ही यंत्रे कपाटाएवढी होती. १९७० मध्ये आलेला मिनिमूग मात्र एका माणसाला उचलून नेता येण्याजोगा होता, आणि तेथून हे वाद्य प्रयोगशाळेबाहेर पडले.

४/२१
भारतात मूगचे यंत्र प्रथम सिनेमासाठी आले, असा समज सहज होतो. परंतु १९६९ मध्येच अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूगसह एक इलेक्ट्रॉनिक संगीत स्टुडिओ उभा केला होता. गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तेथे प्रयोग केले. काही वर्षांतच ते काम थांबले आणि फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल परगस या संशोधक कलावंताच्या प्रयत्नांतून २०२३ मध्ये त्या प्रकाशित झाल्या. म्हणजे सुमारे अर्धशतक हा अध्याय आपल्याला जवळजवळ ठाऊकच नव्हता.

५/२१
मुंबईची वाट निराळी होती. चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रणाला तेथे मोठा वाद्यवृंद जमत असे. गोव्याहून आलेले, पाश्चात्त्य स्वरलेखन वाचू शकणारे वादक आणि ॲरेंजर हा त्याचा कणा होता. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा, चिक चॉकलेट ही त्यांतली ठळक नावे. त्याच जगात कावस लॉर्ड व त्यांची मुले केरसी आणि बुजी हे पारशी वादक कुटुंब होते. केरसी लॉर्ड ॲकॉर्डियनपासून ग्लॉकेनश्पीलपर्यंत अनेक वाद्ये हाताळत. १९७० च्या दशकात मिनिमूग मुंबईच्या स्टुडिओत आणणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी येते.

६/२१
हा झाला स्वराचा धागा. तालाचा धागा याहून जुना आहे. १९३१ मध्ये लिऑन थेरेमिन यांनी संगीतकार हेन्री कॉवेल यांच्यासाठी रिदमिकॉन हे लययंत्र बनवले. १९५९ मध्ये वुर्लिट्झर कंपनीचा साइडमॅन आला. १९६७ मध्ये जपानच्या एस टोन कंपनीचे एफआर-१ आले. ही यंत्रे ऑर्गनवादकाच्या सोबतीला असत. वॉल्ट्झ, रुंबा, टँगो असे ठरावीक ठेके बटण दाबून निवडायचे. त्यात स्वतःचा ठेका रचता येत नसे. एस टोनचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ मध्ये ओसाका येथे नवी कंपनी काढली. तिचे नाव रोलँड.

७/२१
१९७८ मध्ये रोलँडच्या सीआर-७८ ने मायक्रोप्रोसेसरच्या साहाय्याने वादकाला स्वतःचा ठेका साठवण्याची सोय दिली. १९८० मध्ये दोन यंत्रे जवळजवळ एकाच वेळी अवतरली. अमेरिकेतील लिन एलएम-१ मध्ये खऱ्या ड्रमचे डिजिटल नमुने होते. किंमत सुमारे ५,००० डॉलर. रोलँडच्या टीआर-८०८ मध्ये सगळे आवाज विद्युतमंडलातून घडवलेले. किंमत सुमारे १,२०० डॉलर. ८०८ खऱ्या ड्रमसारखे वाजत नाही, ही त्याविषयीची तक्रार होती. सुमारे १२,००० यंत्रे बनवून १९८३ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. पुढे त्याच ‘खोट्या’ आवाजावर हिप-हॉप उभे राहिले.

८/२१
८०८ च्या दर्शनी भागावर सोळा बटणांची एक ओळ आहे. प्रत्येक बटण म्हणजे काळाचा एक तुकडा. बटण दाबले की त्या जागी आघात पडतो. भारतीय वाचकाला ही रचना परकी वाटू नये. आपला त्रिताल सोळा मात्रांचाच आहे. पण साम्य येथेच संपते. पाश्चात्त्य यंत्राच्या सोळा घरांत चार-चारांचे सारखे गट असतात आणि आघात ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढाच निर्णय असतो. तबल्याचा ठेका बोलांनी ओळखला जातो. सम आणि काल यांतला फरक बायाच्या घुमाऱ्यावरून कळतो. झपताल दहा मात्रांचा, रूपक सातांचा. ते या चौकटीत कसेबसे बसवावे लागत.

९/२१
म्हणून आपल्याकडचे तालयंत्र वेगळ्या गरजेतून जन्मले. बंगळुरूचे अभियंते व बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये रॅडेल कंपनीतर्फे इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला. पुढे ‘तालमाला’ हे तबल्याचे यंत्रही आले. येथे बटणावर रॉक किंवा रुंबा नाही, तालाचे नाव असते. विद्यार्थ्याने पट्टी लावायची, लय ठरवायची आणि पहाटे एकट्याने रियाज करायचा. ड्रम मशीनच्या जागतिक इतिहासात या पेटीची दखल क्वचित घेतली जाते. वास्तविक आपल्या घराघरांत खऱ्या अर्थाने पोहोचलेले तालयंत्र तेच.

१०/२१
याची दुसरी बाजू सांगलीजवळच्या मिरजेत दिसते. एकोणिसाव्या शतकापासून शिकलगार कारागीर तेथे भोपळ्याचे तंबोरे व सतारी घडवत आले. शस्त्रांना धार लावणाऱ्या हातांनी तारा जुळवायला घेतल्या, असा तो इतिहास आहे. तंबोरा विकत घेणे, प्रवासात सांभाळणे, सुरात लावणे आणि तो छेडायला माणूस बसवणे हे सारे खर्चाचे काम. लहान पेटी स्वस्त आणि सोयीची ठरली. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नाव सुरक्षित झाले. मागणी सुरक्षित होणे हा वेगळा प्रश्न आहे.

११/२१
आता मुंबईतील १९८२ कडे वळू. रोलँडने नुकतेच टीबी-३०३ हे छोटे चंदेरी यंत्र काढले होते. एकट्या गिटारवादकाला बास वादकाची सोबत मिळावी, हा त्याचा हेतू. तो हेतू फसला. बासचा आवाज खऱ्या बाससारखा नव्हता आणि स्वर भरण्याची पद्धत किचकट होती. सुमारे १०,००० यंत्रांनंतर १९८४ मध्ये उत्पादन बंद झाले. पण त्यात दोन गोष्टी विशेष होत्या : एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय, आणि फिरवताच आवाज किंचाळू लागेल असा फिल्टर.

१२/२१
मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील गिटार व बास वादक चरणजित सिंग नवी वाद्ये हौसेने जमवत. जुपिटर-८ हा रोलँडचा आठ स्वरांचा महागडा सिंथेसायझर त्यांनी सिंगापूरहून आणला होता. त्याच्या जोडीला टीआर-८०८ आणि टीबी-३०३ घेऊन त्यांनी एचएमव्हीसाठी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. भैरव, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी असे दहा राग, प्रत्येकी सुमारे पाच मिनिटे. गायक नाही, वाद्यवृंद नाही. एक माणूस आणि तीन यंत्रे.

१३/२१
हा मेळ का जमला, याला सांगीतिक कारण आहे. डिस्कोचा बास साधारणपणे बदलत्या स्वरसंघातींमागून चालतो. रागाला स्वरसंघातींचा प्रवास नसतो. षड्ज अचल असतो. त्यामुळे ३०३ चे तेच ते फिरणारे आवर्तन तंबोऱ्याच्या जागी सहज बसले आणि त्याची घसरण मींडेच्या जवळ गेली. मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. पट्टीवरच्या बारा ठरावीक स्वरांत भैरवाच्या कोमल ऋषभाचे आंदोलन पुरते उतरत नाही. तेव्हा ही तबकडी रागसंगीताला पर्याय म्हणून ऐकू नये. रागाच्या चौकटीने यंत्राकडून काय काढून घेतले, यासाठी ऐकावी.

१४/२१
तबकडी फारशी चालली नाही आणि विस्मृतीत गेली. १९८७ मध्ये शिकागोच्या फ्यूचर या गटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही रचना प्रसिद्ध झाली. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या ३०३ ची बटणे फिरवत त्या तरुणांनी जो आवाज काढला, त्याला पुढे ‘ॲसिड हाउस’ म्हणू लागले. २००२ मध्ये एदो बाउमन या डच संग्राहकाला चरणजितांची तबकडी दिल्लीतील एका दुकानात सापडली. २०१० मध्ये त्यांनी ती पुन्हा प्रकाशित केली, आणि जगभरचे श्रोते थक्क झाले : हा तर शिकागोच्या पाच वर्षे आधीचा ‘ॲसिड’!

१५/२१
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरा थांबावे. ‘ॲसिड हाउसचा शोध मुंबईत लागला’ हे वाक्य समाजमाध्यमांवर झपाट्याने पसरते. परंतु आधी घडणे आणि कारण ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही तबकडी शिकागोपर्यंत पोहोचली होती, असा कोणताही पुरावा नाही. एकाच यंत्रातून दोन शहरांत, दोन वेगळ्या गरजांपोटी, एकमेकांशी मिळते नाद निघाले, एवढेच खात्रीने म्हणता येते. चरणजितांचे मोठेपण त्यामुळे उणावत नाही. उतारवयात युरोपच्या मंचांवर त्यांनी हे राग पुन्हा वाजवले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

१६/२१
१९८३ हे वर्ष वेगळ्या अर्थाने निर्णायक ठरले. यामाहाचा डीएक्स-७ आला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जॉन चौनिंग यांनी १९६७ मध्ये शोधलेल्या एफएम पद्धतीवर तो चाले आणि त्यातून घंटा, पितळी वाद्ये, पियानो यांचे लखलखीत आभास निघत. त्याच वर्षी ‘मिडी’ ही सामाईक भाषा रूढ झाली. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एका तारेने परस्परांशी बोलू लागली. तिच्यासाठी झटणारे डेव्ह स्मिथ आणि काकेहाशी यांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळाले. एका पट्टीवरून आता अख्खा वाद्यवृंद हाकता येणार होता.

१७/२१
आणि नेमका तोच मुंबईतील वादकांच्या पोटावर आलेला घाला होता. ज्या गीतासाठी डझनावारी व्हायोलिने, सेलो, पितळी वाद्ये आणि तालवाद्ये लागत, त्याची पार्श्वभूमी एक प्रोग्रामर रात्रीतून तयार करू लागला. १९९० च्या दशकात मोठ्या वाद्यवृंदाची ध्वनिमुद्रणे ओसरत गेली. ग्रेगरी बूथ यांनी २००८ च्या आपल्या ग्रंथात या वादकांच्या आठवणी नोंदवून ठेवल्या. नाहीतर तबकडीच्या वेष्टनावर ज्यांचे नावही नसे, ती माणसे इतिहासातूनही निसटली असती. उलट दिशेचे एक उदाहरणही याच संदर्भात महत्त्वाचे : २०१६ च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिस येथे जिवंत सिंफनी वाद्यवृंद वापरला. तेथवर वाद्यवृंद ही गरज उरली नव्हती. ती मुद्दाम केलेली, खर्चिक निवड झाली होती.

१८/२१
मात्र यंत्राची कथा सर्वत्र अशीच घडली नाही. चला पूर्व विदर्भात. चोरखमारा हे तिरोडा तालुक्यातील, तलावाकाठचे आणि नागझिरा अभयारण्याच्या वेशीवरचे गाव. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा आणि जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. धान निघाले, दिवाळी सरली की गावोगावी मंडई भरते; दंडार, खडी गंमत आणि रात्रभर चालणारी नाटके रंगतात. वडसा हे या नाट्यव्यवसायाचे केंद्र. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राचे लक्ष तिकडे गेले. या नाटकात संगीत आजही प्रेक्षकांसमोर, प्रत्यक्ष वाजते. गायक-नट पद म्हणतो आणि वादक मंचालगत बसून साथ करतात.

१९/२१
त्या वादकांत आता ऑर्गन-तबल्याच्या शेजारी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड दिसतो. कीबोर्डला आपल्याकडे कंपनी कोणतीही असो ‘कॅसिओ’च म्हणतात, १९८० पासून कॅसिओने स्वस्त, लहान पट्ट्या बाजारात आणल्या, त्याचा हा ठसा. ऑक्टोपॅड हे रोलँडचे अपत्य. १९८५ च्या पहिल्या पॅड-८ मध्ये स्वतःचा आवाज नव्हता. आठ रबरी चौकोनांवर काठी मारली की मिडीच्या तारेतून दुसरे यंत्र वाजे. पुढच्या मॉडेलांत आवाज आतच आले. १९९८ चा एसपीडी-२० आणि २०१० चा एसपीडी-३० भारतातल्या ऑर्केस्ट्रांत, बेंजो पार्ट्यांत, जागरण-गोंधळात आणि भीमगीतांच्या मंचावर घरचे झाले.

२०/२१
फरक येथे आहे. ८०८ ला एकदा ठेका शिकवला की तो माणसाविना वाजत राहतो. ऑक्टोपॅडवर हात थांबला की आवाज थांबतो. झाडीपट्टीच्या नाटकात नट पद लांबवतो, प्रेक्षक ‘वन्स मोअर’ मागतात, विनोदी पात्र ऐनवेळी वाक्य जोडते. तेव्हा त्याच क्षणी ताल देणारा जागा माणूसच लागतो. म्हणून मुंबईच्या स्टुडिओत ज्या तंत्राने खुर्च्या कमी केल्या, त्याच्याच भावंडाने येथे वादकाला एक नवे वाद्य दिले. अर्थात हे निखळ सुख नव्हे. जेथे आठ पॅडमध्ये ढोलकी, झांज, ढोल सारेच सामावते, तेथे ती वाद्ये वाजवणारे एकेक हात मागे पडतात. पण हार्मोनियम आठवा : तीही फ्रान्समधून आली, १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीने तिला बंदी घातली, आणि तरीही संगीत नाटक, कीर्तन, भजन यांत ती इतकी मुरली की आज ‘पेटी’ परकी होती हे सांगावे लागते.

२१/२१
सध्या जुन्या यंत्रांना पुन्हा दिवस आले आहेत. रोलँडने ८०८ व ३०३ यांच्या लहान आवृत्त्या काढल्या. मिनिमूग २०१६ आणि २०२२ मध्ये पुन्हा बाजारात आला. मूळ यंत्रे संग्राहक मोठ्या किमतीला घेतात. यंत्रांचा इतिहास त्यामुळे सुरक्षित आहे, वादकांचा नाही. अहमदाबादच्या फिती संस्थेत ठेवलेल्या होत्या म्हणून सापडल्या, चरणजितांची तबकडी छापलेली होती म्हणून सापडली. मंडईच्या रात्री वाजलेला ऑक्टोपॅड कुठेच छापलेला नाही. तेव्हा मित्रहो, यंदा धान निघाल्यावर आपल्या भागात नाटक लागले, तर मंचालगतच्या त्या वादकांशी बोला. पहिला पॅड कोणत्या साली घेतला, किती रुपयांना, कोणाकडून शिकला, त्याआधी हाताशी कोणते वाद्य होते, हे विचारून तारखेसह लिहून ठेवा. नाटकाचे हस्तपत्रक जपा. त्यावर वादकांची नावे असतात. पन्नास वर्षांनी हा अध्याय लिहिणाऱ्याला तोच आधार असेल.